तांब्याच्या दोन जावा

मी एक जुनी तांब्याची पट्टी आहे, मित्रांनो, आणि माझं सगळं आयुष्य भिंतीपाशी उभं राहण्यात गेलं. हे काम ज्यांना आरामाचं वाटत असेल, त्यांनी वर्गात शिक्षा म्हणून उभं राहिल्याचे दिवस आठवावेत आणि त्यातून शाळा सुटणं वजा करावं.

तुमच्या घरातल्या नळाकडे एकदा नीट पाहा. चमकतो ना? त्यात तुमचं तोंडही दिसतं. नाक जरा मोठं दिसतं, पण तो नळाचा दोष आहे असं समजून चाला. ही चमक नळाची स्वतःची नसते. आत साधं पितळ असतं आणि वरून निकेलचा पातळ मुलामा. तो मुलामा विजेच्या प्रवाहानं चढवतात, आणि तो प्रवाह जिच्या अंगावरून जातो ती मी. आजवर एकाही नळावर माझं नाव कोरलेलं मी पाहिलं नाही. ही तक्रार नाही. नुसती नोंद आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. आधी वितळवलं, मग लादी ओतली, मग जाडजूड रुळांखाली लाटलं, पुन्हा तापवलं, पुन्हा लाटलं. माणसांची मुलंही साधारण अशीच वाढवतात असं मी पुढे ऐकलं. त्याच लादीतून माझ्याबरोबर दुसरी एक पट्टी निघाली. म्हणजे आम्ही सख्ख्या बहिणी. आणि सख्ख्या बहिणींना एकाच घरात देऊ नये म्हणतात, ते ऐकणारं कुणी गोदामात नव्हतं. दोघींना एकाच गाडीत घालून एकाच घरी पाठवलं, आणि बहिणींच्या जावा झाल्या.

ते घर दोन भावांचं. वर बिऱ्हाड, खाली मुलामा चढवण्याचा कारखाना. पुढच्या खोलीत हिरव्या कोमट पाण्याची भलीमोठी टाकी, मागच्या खोलीत विजेचा डबा आणि मधे एक अरुंद बोळकांडी. या बोळकांडीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, आम्हा दोघींना शेजारी शेजारी आडवं बसवलं. जाव भिंतीच्या बाजूला, मी जाण्यायेण्याच्या वाटेकडे. डब्यातून निघालेला प्रवाह जावेच्या अंगावरून टाकीकडे जायचा, पाण्यात टांगलेल्या निकेलच्या तुकड्यांमधून उतरायचा, त्यांचे कण नळांवर नेऊन बसवायचा आणि माझ्या अंगावरून डब्यात परत यायचा. ती जाणारी, मी येणारी. ती पोचवणारी, मी आणणारी. माझ्यातून जे जातं ते रोज कुठं कुठं जाऊन येतं, मी मात्र तिथंच.

आता इथं थोडं शास्त्र आहे, ते ऐकून घ्या. जांभया हाताआड द्या.

तारेतून किंवा पट्टीतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकत्वाचं कडं उभं राहतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण शेजारणीला बरोबर कळतं. शेजारणीतूनही वीज वाहत असेल तर दोघींना एकमेकींचा जोर लागतो. दोघींतले प्रवाह एकाच दिशेनं जात असतील तर दोघी एकमेकींकडे ओढल्या जातात. उलट दिशांनी जात असतील तर एकमेकींना दूर ढकलतात. विरुद्ध स्वभावाच्या माणसांचं छान जमतं, असं लग्नं जुळवणारे सांगत असतात. आमच्यात त्यांचं दुकान चाललं नसतं. आणि हा जोर अंतर कमी असेल तितका जास्त. दोघींतला प्रवाह दुप्पट झाला की ढकलणं दुप्पट नाही, चौपट होतं. दोघींनी आवाज दुप्पट चढवला की भांडण किती पट होतं, हे ज्यांच्या घरात दोन जावा आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

आम्हाला बसवणारे वायरमनकाका हे जाणून होते. त्यांनी तेल पाजलेल्या सागवानाचे ठोकळे आणले, प्रत्येक ठोकळ्याला दोन खाचा पाडल्या, एकीत जाव, एकीत मी, आणि वरून बोल्ट असे आवळले की माझा श्वास कोंडला. तांबं श्वास घेत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुम्ही त्या ठोकळ्यात राहून बघा. हातभर अंतरावर एक, असे बोळकांडीभर ठोकळे. सकाळी डबा सुरू झाला की जाव मला बाहेर ढकलायची, मी तिला आत ढकलायची, आणि ठोकळे दोघींना म्हणायचे, जागेवर. संध्याकाळी डबा बंद व्हायचा. असा दिवस. मग दुसरा असाच.

सुरुवातीला माझं कौतुक होतं. पाहुणे आले की थोरले दादा माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "शुद्ध तांबं आहे, शुद्ध!" पुढे मी काळवंडले. मग माझ्यावर हात पुसायची फडकी वाळत पडू लागली. कुणीतरी छत्रीसुद्धा अडकवली. ती छत्री नंतर कुणीच नेली नाही, त्यामुळे बराच काळ मला एक मैत्रीण होती.

घरात माणसांच्याही दोन जावा होत्या. थोरली डब्यापाशी बसायची. प्रवाह कमीजास्त करायचा कान, म्हणजे ती फिरवायची मूठ, तिच्या हातात. धाकटी नळ घासायची. बफ नावाचं कापडाचं चाक गरागरा फिरायचं, त्यावर पितळ धरायचं आणि काळी धूळ नाकातोंडात घ्यायची, हे तिचं काम. मुलामा चढला की पुन्हा तेच नळ पुसायचे, हेही तिचंच. लग्न करून आल्यापासून तिनं एकदाही डब्याच्या कानाला हात लावला नव्हता.

"जाऊबाई, आज मी चालवू का?" ती अधूनमधून विचारायची.

"चालव की," थोरली म्हणायची, "पण आज घाईचं काम आहे, आज नको."

घाईचं काम नाही असा दिवस त्या कारखान्यात उगवला नाही.

धाकटीला हवं होतं ते फार नव्हतं. मागच्या अंगणाकडची खोली रिकामी पडली होती. तिथं तिला स्वतःची एक टाकी हवी होती. लहानशी चालेल, म्हणायची. दाराच्या मुठी, कपाटांच्या कड्या, असली बारीक कामं ती स्वतः चढवणार, स्वतः उतरवणार. रोज फडकं माझ्यावर टाकताना ती बोळकांडीच्या टोकाला असलेल्या त्या खोलीच्या बंद दाराकडे बघायची. मलाही तेवढंच टोक दिसायचं. आम्ही दोघी एकाच दाराकडे बघत वर्षं काढली, पण तिला ते माहीत नव्हतं.

मग एक दिवस बातमी आली. मोठे खरेदीदार, चष्मेवाले म्हणून सगळे ओळखायचे ते, स्वतः कारखाना बघायला येणार होते.

"त्यांना काम पसंत पडलं," थोरले दादा जेवताना म्हणाले, ते जिन्यातून खाली ऐकू आलं, "तर एक टाकी पुरायची नाही. दुसरी घालावी लागेल."

"ती माझी," धाकटी म्हणाली.

मग थोरलीचा आवाज आला, "आधी पसंत तर पडू दे. ही बोळकांडी बघूनच तो माणूस उलट्या पावली जाईल."

दुसऱ्या दिवसापासून साफसफाई निघाली. फडकी गेली. छत्री गेली, निरोपही घेता आला नाही. भिंतीला पांढरा रंग लागला. आमच्या समोरच्या बाजूला, वाट आधीच अरुंद, तिथं एक लाकडी मांडणी आणून ठेवली आणि तिच्यावर चकचकीत नळ ओळीनं मांडले. आता बोळकांडीतून माणूस आडवा होऊनच जायचा. शेवटी सगळ्यांची नजर ठोकळ्यांवर गेली. तेल, धूळ, कोळिष्टकं मिळून त्यांचा रंग काळाकुट्ट झाला होता.

"हे काय दात किडल्यासारखं दिसतंय," धाकटी म्हणाली. "काढून टाकू या का?"

"काढच," थोरली म्हणाली. "मलाही ते कधी आवडले नाहीत."

मित्रांनो, त्या दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत होताना मी प्रथमच पाहत होते. सावध व्हायला एवढं पुरेसं होतं.

"पण वायरमननं कशाला तरी बसवले असतील," धाकटे दादा म्हणाले.

"कशाला?" थोरली म्हणाली. "भावोजी, इतक्या वर्षांत या पट्ट्या कधी केसभर तरी हलल्यात का?"

"नाही बुवा."

"मग धरून कशाला ठेवायच्या?"

यावर कुणाला काही सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मला विचारण्याची त्या घरात पद्धत नव्हती. आम्ही हललो नाही कारण आम्हाला धरलं होतं. आणि आम्ही हलत नाही म्हणून धरायचं कारण नाही! या घराचा हिशेब पहिल्यापासून असाच. डब्यातला फ्यूज सारखा उडतो म्हणून थोरल्या दादांनी त्याच्या जागी जाड तार पिळून बसवली होती. म्हणजे जो राखणदार ओरडतो तो कटकट्या, आणि जो गप्प उभा राहतो तो बिनकामाचा. दोघांनाही घरी पाठवलं.

दोन्ही टोकांचे ठोकळे तेवढे राहिले. बाकीचे निघाले. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा माझं अंग हलकं झालं. खरं सांगते, मी सुखावले. डबा सुरू केला तेव्हा मी बोळकांडीच्या मधोमध बोटभर बाहेर फुगले आणि बारीक गुणगुणले. धाकटी माझ्याजवळून जाताना थांबली.

"ही पट्टी गातेय," ती म्हणाली.

"सुटका झाली म्हणून गात असेल," बफच्या खोलीतून तिचा नवरा म्हणाला, आणि दोघं हसली.

चष्मेवाले सकाळी आले. माणूस कमी बोलणारा. थोरल्या दादांनी त्यांना टाकीपाशी उभं केलं. धाकटे दादा उत्साहात होते. टाकीत सोडायच्या एका जाळीवर टांगतात त्याच्या दीडपट नळ त्यांनी टांगले, कारण पाहुण्यापुढे जाळी अर्धी रिकामी बरी दिसत नाही.

"वहिनी, वाढवा!" त्यांनी हाक दिली.

मागच्या खोलीत थोरलीनं कान फिरवला. "आणखी?" तिनं विचारलं.

"आणखी! साहेबांना दिसू द्या!"

मी आणखी फुगले. गुणगुणणं घरघरीवर आलं. चष्मेवाल्यांनी मांडणीवरचा एक नळ हातात घेऊन बघायला मागितला, म्हणून धाकटी बोळकांडीत आली. मांडणीला पाठ लावून, माझ्या अंगाला अंग घासत, आडवी सरकत ती मधोमध पोचली आणि तिनं मागे हात नेऊन नळ उचलला.

त्याच वेळी जाळी निसटली.

जास्त वजनानं तिचा आकडा वाकला आणि ती टाकीवरच्या दोन दांड्यांवर आडवी पडली. एक दांडी जावेला जोडलेली, एक मला. आता प्रवाहाला पाण्यातून, निकेलमधून जायची गरजच उरली नाही. सरळ वाट मिळाली. जो प्रवाह शिस्तीत रांगेनं यायचा तो जत्रा फुटावी तसा माझ्या अंगात घुसला. किती पट होता ते मला मोजता आलं नाही, पण चौपटीचा नियम मघाशी सांगितला आहे, तो आठवा. जावेनं मला अशी लाथ मारली की मी धनुष्यासारखी वाकून बोळकांडीत घुसले आणि धाकटीला छातीवर पकडून मांडणीवर दाबून धरलं.

विजेचा झटका तिला बसला नाही. आमच्या कामाला विजेचा दाब फार थोडा लागतो. पण माझं अंग तापत होतं आणि मी मागे हटत नव्हते. मला हटायचं होतं. मी ढकलत नव्हते, मलाच ढकललं जात होतं. धाकटीच्या बरगड्यांना हा फरक कळण्यासारखा नव्हता. तिनं दोन्ही हातांनी मला लोटलं. आयुष्यभर मला धरून ठेवलेल्या सागवानाच्या जागी आता तिचे दोन तळहात होते.

पुढच्या खोलीत धाकटे दादा जाळी उचलायला धावले, पण ती दांड्यांना चिकटून बसली होती आणि ठिणग्या उडत होत्या. फ्यूज उडायला हवा होता. त्याच्या जागची जाड तार निवांत होती.

"बंद करा!" धाकटी ओरडली.

आता मागच्या खोलीतून काही दिसत नाही. आणि थोरलीचा एक नेम होता, धाकटीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेला "काय गं" म्हणायचं. तिसऱ्या हाकेला उठायचं. घरातलं वजन असंच राखतात. मी तो नेम वर्षानुवर्षं पाहिला होता. मला वाटलं, संपलं.

"ताई!" धाकटीच्या तोंडून निघालं. पुढचं बोलायला छातीत हवा नव्हती.

ती थोरलीला जाऊबाई म्हणायची. कायम. गोड बोलताना आणि भांडतानासुद्धा.

कान फिरवल्याचा आवाज आला नाही, कारण थोरलीनं तो फिरवलाच नाही. भिंतीवरचा मुख्य खटका तिनं असा खाली ओढला की त्याची मूठ तिच्या हातात आली. जावेचा जोर एका क्षणात नाहीसा झाला. मी थोडी मागे आले. सगळी नाही, कारण तांबं एकदा इतकं वाकलं की पहिल्यासारखं होत नाही. तेवढ्या फटीतून धाकटी खाली सरकली आणि जमिनीवर बसली. नळ अजून तिच्या हातातच होता.

थोरली तुटलेली मूठ घेऊन धावत आली. वाकून माझ्याखालून आत शिरली.

"कुठं लागलं? बोल. अगं बोल ना!"

"श्वास घेऊ द्या आधी," धाकटी म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पहिल्याच हाकेला?"

"तू कुणाला हाक मारलीस ते मला आधी कळलंच नाही," थोरली म्हणाली. "मला वाटलं, माझी बहीणच आली."

चष्मेवाले बोळकांडीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी चष्मा पुसला. "काम चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले, "पण आम्ही परत कळवू." कारखान्यात दाराबाहेर जाण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग असतो. त्यांनी कळवलं नाही.

धाकटीच्या छातीवर माझ्या रुंदीचा निळा पट्टा उमटला. ती बरी होईपर्यंत बफ बंद होता, आणि कारखान्यातल्या शांततेत कुणीच टाकीचा विषय काढत नव्हतं. खरेदीदार गेला म्हणजे टाकीही गेली, हे उघड होतं. धाकटीनंही तो विषय काढला नाही. ते मला जास्त वाईट वाटलं.

वायरमनकाका आले. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"ठोकळे कुणी काढले?"

"आम्ही," दोन्ही जावा एकदम म्हणाल्या.

"का?"

"काही हलत नव्हतं म्हणून."

वायरमनकाका खाली बसले. "माझी आजी," ते म्हणाले, "दात दुखत नाही म्हणून हलवून बघायची." आणि त्यांनी सगळ्यात आधी फ्यूजच्या जागची जाड तार काढून खिशात टाकली.

मला हातोडीनं सरळ केलं. ते सुख कुणाला न मिळो. मग थोरली म्हणाली, "काका, बसवतच आहात तर जास्तीचं बसवा. अंगणाकडच्या खोलीत दुसरी टाकी घालायची आहे."

"पण खरेदीदार तर..." थोरले दादा म्हणाले.

"खरेदीदारानं नाही, मी सांगतेय," थोरली म्हणाली. "आणि तिच्या टाकीपाशी बंद करायचं बटण लावा. तिच्या हाताशी. तिला थांबवायचं असेल तर तिनं मला हाक मारत बसायचं नाही."

धाकटीनं फडक्यानं तोंड पुसलं. बफ बंद असतानाही ती डोळ्यांत धूळ गेली म्हणाली.

दोन टाक्यांना प्रवाह जास्त लागतो. म्हणून परतीच्या कामाला एक नवी जाडजूड पट्टी आणली, तिला लांब समोरच्या भिंतीवर बसवलं, मांडणी गेली. आणि मला जावेच्या जोडीला जाण्याच्या कामाला लावलं. म्हणजे आता आम्हा दोघींतला प्रवाह एकाच दिशेनं वाहतो. नियम तुम्हाला पाठ आहेच. जिनं मला जन्मभर दूर ढकललं, ती आता मला सकाळ झाली की जवळ ओढते. मीही तिला ओढते. इतकी ओढ, की दोघी चिकटून तापू नये म्हणून वायरमनकाकांनी पुन्हा मध्ये ठोकळे घातले आहेत. पूर्वी लांब जाऊ नये म्हणून जखडलं होतं, आता जवळ येऊ नये म्हणून जखडलं आहे. या जगात पट्टीनं करावं तरी काय?

मात्र या वेळी ठोकळ्यांतली भोकं लांबट आहेत. तापल्यावर मी थोडी लांब होते, तेव्हा त्या भोकातून पुढे सरकते आणि गार झाले की मागे येते. धाग्याएवढीच जागा आहे. पण जागा आहे.

मित्रांनो, म्हणून एक विनंती. गप्प उभा असलेला राखणदार बिनकामाचा समजून काढू नका. ज्याला आधार द्याल त्याला घट्ट धरा, पण भोक लांबट ठेवा. आणि ज्याला अडचणीच्या जागी उभं कराल, त्याच्या हाताशी थांबवायचं बटण द्या.

धाकटी अधूनमधून ते लाल बटण दाबते. जाळी निसटलेली नसते, काही बिघडलेलं नसतं. प्रवाह थांबतो. जावेची ओढ सुटते, माझीही सुटते, आणि बोळकांडीत काहीच कुणाला ओढत नाही, ढकलत नाही.

"काय झालं गं?" थोरली डब्यापासून ओरडते.

"काही नाही, ताई. नुसतं थांबवून बघितलं."

"बघ, बघ," थोरली म्हणते. "पोटभर बघ. आज घाईचं काम आहे, पण बघ."